मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर व्यायाम पुन्हा कसा सुरू करायचा: बडोदेकरांसाठी पायरी पायरीने

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की घरी जाताना हातात एक कागद मिळतो. वर थेंबांचं वेळापत्रक, खाली चार ओळी: जड उचलू नका, वाकू नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, धूळधुरापासून जपा. आपल्याकडे बडोद्यात तो बहुधा गुजरातीत असतो. सूचना सगळ्या बरोबर आहेत. पण रोज बारा सूर्यनमस्कार घालणाऱ्या बाईने त्यावरून काय ठरवायचं? चालणं चालेल का? वज्रासन? अनुलोम-विलोम? नवरात्र तोंडावर आली असेल तर गरबा?

माझे दोन्ही डोळे झाले, आमच्या ह्यांचा एक झाला. त्या काळात ओळखीतल्या लोकांचे दोन प्रकार बघितले. पहिल्या प्रकारच्या घरात आजीच्या वेळच्या आठवणी अजून ताज्या असतात. तेव्हा मोठी चीर असायची, टाके असायचे, मान हलवायची नाही म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवायचे. ही मंडळी आजही महिनाभर पलंग सोडत नाहीत आणि शुगर वाढवून बसतात. दुसऱ्या प्रकारचे म्हणतात, "हल्ली टाकासुद्धा नसतो, दहा मिनिटांचं काम," आणि दुसऱ्या दिवशी गॅसचा बाटला सरकवायला जातात. मला दोघांचीही धास्ती वाटते, दुसऱ्यांची जरा जास्त.

पुढे जे लिहिलंय ते सहसा दिल्या जाणाऱ्या सल्ल्याला धरून आहे. तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमचा डोळा आतून त्यांनी बघितलाय, मी नाही.

१. आधी समजून घ्या: डोळ्याला भीती कशाची?

ऑपरेशनमध्ये गढूळ झालेली लेन्स काढून तिथे कृत्रिम लेन्स बसवतात. फेको पद्धतीत बुबुळाच्या कडेला अडीच-तीन मिलिमीटरची चीर असते आणि ती बहुतेक वेळा टाक्याशिवाय आपली आपण मिटते. मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर, आणि शिबिरांमध्येही, बऱ्याचदा दुसरी पद्धत वापरतात. कार्डावर तिला 'एसआयसीएस' लिहितात. तिची चीर सहा-सात मिलिमीटरची. तिलाही सहसा टाका लागत नाही, पण सावरायला वेळ जास्त लागतो. म्हणून शेजारच्या काकूंनी कितव्या दिवशी काय सुरू केलं हे विचारण्याआधी आपल्या कार्डावर कोणती पद्धत लिहिली आहे ते बघा. त्यांची फेको आणि तुमची एसआयसीएस असेल तर त्यांचं वेळापत्रक तुमच्या उपयोगाचं नाही.

चीर मिटली म्हणजे जखम पक्की झाली असं नव्हे. वरचा थर काही दिवसांत भरतो, पूर्ण ताकद यायला कित्येक आठवडे जातात. तेवढ्या काळात चार गोष्टींपासून जपायचं:

- दाब. डोळ्याच्या आतला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. श्वास कोंडून जोर लावला किंवा डोकं छातीच्या खाली गेलं की तो वाढतो. शीर्षासनात तो जवळजवळ दुप्पट होतो.
- पाणी, घाम, धूळ. यांच्याबरोबर जंतू आत जातात. या ऑपरेशननंतरचा सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग.
- मार आणि चोळणं. चेंडू, दांडिया, नातवाचं कोपर. झोपेत आपलाच हात.
- पाय चुकणं. हे कागदावर कधीच लिहिलेलं नसतं. त्यावर शेवटी सविस्तर लिहिते.

कुठलाही व्यायाम या चार प्रश्नांवर तपासून बघा. श्वास कोंडतो का? डोकं खाली जातं का? डोळ्यात काही जाईल का? धक्का किंवा पडण्याची भीती आहे का? चारही उत्तरं 'नाही' आली तर तो व्यायाम लवकर सुरू होतो. एकही 'हो' आलं तर डॉक्टरांना विचारायचं.

२. ऑपरेशनच्या आधीच यादी करा

"डॉक्टर, मी योगा केला तर चालेल ना?" असं विचारलं की "हळूहळू करा" असंच उत्तर येतं. त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसून दीर्घ श्वास घेणारी बाई असते. तुमच्या मनात असतं सर्वांगासन आणि हलासन. ह्यांनी तर "थोडी कसरत करतो" एवढंच सांगितलं होतं. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाच्या तोंडी 'थोडी कसरत' म्हणजे दंड, बैठका आणि मुद्गल. डॉक्टरांना ते कुठून कळणार?

म्हणून कागद घ्या आणि तुम्ही करता त्या प्रत्येक गोष्टीचं नाव लिहा. सूर्यनमस्कार किती, कोणती आसनं, कोणता प्राणायाम, जलनेती करता का, चालायला किती वाजता आणि कुठे जाता. घरातली अंगमेहनतही त्यात लिहा, कारण आपल्याकडच्या बायकांचा खरा जड व्यायाम तिथेच असतो. पुढे तीन रकाने आखा: 'एका आठवड्यानंतर', 'एका महिन्यानंतर', 'विचारल्याशिवाय नाही'. डॉक्टरांना फक्त खुणा करायला सांगा. गर्दीच्या ओपीडीतही दोन मिनिटांत होतं.

एका फाइलमध्ये एवढं ठेवा:

- डिस्चार्ज कार्ड आणि त्यासोबतचं लेन्सचं स्टिकर (लेन्सचा नंबर त्यावर असतो, हरवू नका)
- थेंबांचं वेळापत्रक. गुजराती वाचायची सवय नसेल तर मुलांकडून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या
- शुगर आणि बीपीचे ताजे रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं
- काचबिंदू असेल, पूर्वी मोठा मायनस नंबर असेल किंवा पडद्याचा काही त्रास झाला असेल तर त्याचे कागद
- व्यायामाची यादी

आणि वस्तू: दवाखान्याचा काळा गॉगल, एक बिननंबरचा पारदर्शक चष्मा, रात्री डोळ्यावर लावायची प्लास्टिकची जाळी आणि कागदी चिकटपट्टी, न सरकणारी एक खुर्ची, वेल्क्रोचे बूट. वेल्क्रो यासाठी की नाडी बांधायला वाकावं लागतं.

३. थांबायचं कधी, हे सुरू करण्याआधी पाठ करा

यातलं काहीही झालं तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. रविवार असो की दिवाळी:

- दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललंय
- लाली वाढतेय, पू किंवा चिकट स्राव येतोय, पापणी सुजतेय
- काल स्पष्ट दिसत होतं, आज धूसर झालं
- विजेसारखे लख्ख प्रकाश, अचानक पुष्कळ काळे ठिपके, किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखी सावली

पहिल्या तिन्ही गोष्टी जंतुसंसर्गाच्या असू शकतात. तो बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या आसपास उठतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो. शेवटची खूण डोळ्याच्या पडद्याची, आणि ती काही महिन्यांनीही दिसू शकते. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी विशेष लक्ष ठेवायचं. थोडं खुपणं, पाणी येणं, उजेड जास्त वाटणं हे सुरुवातीचे काही दिवस बहुतेकांना होतं. ते दिवसागणिक कमी व्हायला हवं.

दवाखान्याचा रात्री चालू असलेला नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. स्वागतकक्षाचा नंबर संध्याकाळी सात नंतर कुणी उचलत नाही, हा माझा अनुभव.

४. पहिला आठवडा: चालायचं, आणि घरातलं वाकणं थांबवायचं

दुसऱ्या दिवशी तपासणी होते. डॉक्टरांनी 'ठीक आहे' म्हटलं की घरात, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात सावकाश चाला. चालल्याने डोळ्याला काही होत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी तर चालणं सोडूच नये. बसून शुगर वाढली की जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो.

या आठवड्यात खरी परीक्षा स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात असते. डॉक्टर साधारण पाच किलोच्या वर उचलू नका म्हणतात. आता मोजा: पाण्याने भरलेली वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो. भरलेल्या बाटल्यात गॅसच १४.२ किलो असतो आणि लोखंडासकट तो तीस किलोच्या आसपास जातो. गव्हाची दहा किलोची थैली, ओल्या चादरी, झोपलेलं नातवंड, सगळंच मर्यादेबाहेर. या आठवड्यात बादलीऐवजी तांब्याने पाणी घ्या, चक्कीवर दुसऱ्याला पाठवा, नातवाला मांडीवर घ्यायचं असेल तर आधी आपण बसा आणि मग त्याला कुणाला तरी आणून द्यायला सांगा.

वाकण्याचं तसंच. कमरेतून वाकून केर काढणं, खालच्या कप्प्यातली कढई काढणं, देवापुढे डोकं टेकणं, हे पहिला आठवडा टाळा. खालचं काही घ्यायचंच असेल तर पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाका, डोकं वर राहू द्या. देवाला उभ्यानेच हात जोडा.

बद्धकोष्ठ हा व्यायामाचा विषय वाटत नाही, पण संडासात जोर लावणं म्हणजे वजन उचलण्यासारखंच. भारतीय पद्धतीच्या संडासात तर कुंथताना पुढे झुकणंही होतं. इसबगोल, पाणी, पपई जे चालतं ते सुरू ठेवा. खोकला असेल तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगा. शिंक आली तर कोंडू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या.

डोक्यावरून आंघोळ नाही. मानेखालून घ्या, चेहरा ओल्या स्वच्छ कापडाने पुसा, डोळा सोडून. केस धुवायचेच असतील तर परवानगी मिळाल्यावर पार्लरसारखं मान मागे टाकून दुसऱ्याकडून धुवून घ्या. रात्री जाळी लावून झोपा. फोडणी देताना दोन पावलं मागे उभ्या राहा, मिरचीचा ठेचा दुसऱ्या कुणाला करू द्या.

थेंबांच्या वेळा चालण्याच्या वेळांशी जुळवून घ्या. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुवून टाकतो. बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय बाटली उघडायची नाही, आणि बागेतून आल्या आल्या तर मुळीच नाही.

५. दुसरा ते चौथा आठवडा: कमाटीबाग, पण उजेडात

आठवड्याच्या तपासणीनंतर बहुतेकांना बाहेर चालायची मोकळीक मिळते. एसआयसीएसवाल्यांनी अजून थोडं थांबायला सांगितलं तर कुरकुरू नका.

बडोद्याच्या मराठी घरात बाहेर चालणं म्हणजे कमाटीबाग. सयाजीरावांनी १८७९ मध्ये उघडलेली ही बाग अजूनही शहरातली चालायला सगळ्यात चांगली जागा आहे असं माझं मत आहे. सूरसागर तलावाच्या भोवतीही पुष्कळजण फिरतात, पण तिथे वाहनं आणि धूर. पहिले तीन-चार आठवडे तिथलं चालणं मला पटत नाही.

नेमका घोटाळा वेळेचा होतो. आपली मंडळी पहाटे पाचला निघतात. जानेवारीत बडोद्यात सव्वासातपर्यंत सूर्य उगवत नाही. अशा अंधारात दवाखान्याचा काळा गॉगल घालून चाललात तर झाडाचं मूळही दिसणार नाही आणि झोपलेलं कुत्रंही. अंधारात आणि सावलीत पारदर्शक चष्मा घाला, काळा गॉगल उन्हासाठी ठेवा. त्याहून सोपं म्हणजे उजाडल्यावर निघा. पाचची टोळी सुटते, सातची मिळते.

उन्हाळ्यात उलटं. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि आठ वाजताच कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात उतरतो. कपाळाला सुती पट्टी बांधा. घाम पुसायचा रुमाल रोज धुतलेला, आणि त्याने फक्त कपाळ आणि मान पुसायची. डोळ्याशी कागदी टिश्यूशिवाय काही न्यायचं नाही, आणि तेही गालापर्यंतच.

या काळात आणखी काय करता येतं? खुर्चीत बसून घोटे आणि गुडघे हलवणं, भिंतीला टेकून ताडासन, वज्रासन, मान सरळ ठेवून खांद्यांच्या हालचाली, श्वास न कोंडता अनुलोम-विलोम. घरची स्थिर सायकल असेल तर हलकी, घाम येईल इतकी नाही. बागेतल्या योगवर्गाला जायचं असेल तर मागे बसा आणि शिक्षकांना आधी सांगून ठेवा. नाहीतर सगळ्यांबरोबर तालात आपणही पश्चिमोत्तानासनात वाकतो, आणि ते वाकल्यावर लक्षात येतं.

हे अजून नाही: कपालभाती, भस्त्रिका, कुंभक, जलनेती, त्राटक. कपालभाती-भस्त्रिकेत झटके आणि दाब. जलनेतीचं पाणी नाकातून थेट डोळ्यांच्या शेजारी. त्राटकाने जखमेला काही होत नाही, पण ऑपरेशननंतर डोळा कोरडा पडलेला असतो, त्यात पापणी न लववता बघत बसायचं कशाला? तळहात घासून डोळ्यांवर ठेवणं, डोळे गरागरा फिरवणं, गुलाबपाणी आणि मध घालणं हेही कुणीतरी नक्की सुचवेल. सुचवणाऱ्याला चहा द्या आणि विषय बदला.

६. महिन्यानंतर: सूर्यनमस्कार सुटे करून

महिन्याच्या तपासणीत बहुतेकांना 'आता सगळं करा' असं ऐकायला मिळतं. तरी सगळं एकाच सकाळी सुरू करू नये. डोळा तयार असतो, पण महिनाभर न वापरलेली कंबर तयार नसते.

सूर्यनमस्कार हा एक व्यायाम नाही, दहा-बारा स्थितींची साखळी आहे. त्यातल्या तीन ठिकाणी डोकं खाली जातं: पुढे वाकून हात पायांशी टेकवताना, साष्टांग नमस्कारात, आणि कंबर वर उचलून डोकं दोन्ही हातांच्या मध्ये नेताना. म्हणून सुरुवातीला ही तीन बदलून घ्या:

- पुढे वाकण्याऐवजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पाठ जमिनीला समांतर येईल इतकंच वाका. मान पाठीच्या रेषेत.
- साष्टांगाऐवजी भिंतीला हात टेकवून छाती भिंतीकडे न्या.
- कंबर वर उचलायची स्थितीही खुर्ची धरूनच, डोकं हातांच्या वर राहील अशी.

आठवडाभर अशी तीन-चार आवर्तनं करून बघा. डोक्यात ठणका, डोळ्यात जडपणा किंवा धूसरपणा वाटला नाही तर हळूहळू जमिनीवर या. रथसप्तमीला १०८ नमस्कारांचा संकल्प असतो आणि हिवाळ्यात ऑपरेशन करून घेतलेल्यांची नेमकी तेव्हाच कुचंबणा होते. यंदा बसून मोजायचं काम घ्या. तेही कुणीतरी करावंच लागतं.

हिवाळ्यावरून एक सांगते. मोतीबिंदू थंडीतच काढावा हा समज आता धरून बसायची गरज नाही. निर्जंतुक ऑपरेशन थिएटर आणि नीट थेंब असतील तर ऋतूने फरक पडत नाही. उलट डिसेंबरात काढला की सावरण्याचा सगळा काळ लग्नसराईत आणि उत्तरायणाच्या पतंगांत जातो.

दंडात डोकं खाली-वर होतं आणि जोरही लागतो, म्हणून बैठका आधी, दंड नंतर. बैठकांत श्वास मोकळा: उठताना सोडा, बसताना घ्या. जिममध्येही तेच. वजन उचलताना श्वास सोडायचा, दात-ओठ आवळून रेटायचं नाही. पूर्वी पेलत होतात त्याच्या निम्म्यापासून सुरू करा.

सर्वांगासन, हलासन आणि शीर्षासन यांसाठी वेगळी, स्पष्ट परवानगी घ्या. काचबिंदू असेल किंवा तसा संशय असेल तर ही आसनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनशी संबंध नसतानाही धोक्याची आहेत. डॉक्टर कायमची बंद करायला सांगतील, तर त्यांच्याशी वाद घालायला योगशिक्षकांना पुढे करू नका. साठी उलटल्यावर शीर्षासन सुटलं म्हणून काही अडत नाही असं माझं मत आहे. ह्यांचं नाही.

७. पोहणं, बॅडमिंटन, कुस्ती

पोहायला चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. लालबाग किंवा सरदारबागेच्या तलावात उतरण्याआधी डॉक्टरांचं 'हो' घ्या, आणि सुरुवातीला पोहण्याचा चष्मा लावून. चष्मा काढताना तो ओढून सोडू नका, रबर ताणून तो डोळ्यावर आपटतो. सूर मारणं सगळ्यात शेवटी. नदी, विहीर, शेततळं या वर्षी नाहीच.

बॅडमिंटनचं फूल बरोबर डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढं असतं. महिन्यानंतर परवानगी मिळाली तरी पॉलीकार्बोनेटचा संरक्षक चष्मा घालूनच खेळा. काचेचा साधा चष्मा संरक्षण करत नाही, फुटला तर नवं संकट.

कुस्ती आणि मल्लखांब करणारे मोतीबिंदूच्या वयात थोडेच असतात, पण बडोद्यात ते थोडे सापडतात. त्यांनी सर्जनना समोरासमोर विचारावं. उलट लटकणं आणि डोक्याला धक्का दोन्ही त्यात आहे.

८. सणांचा हिशोब

गणपतीत लेझीम चालेल, महिना झाला असेल तर. गुलाल नको. मिरवणुकीच्या बाजूने चाला आणि चष्मा घालून.

नवरात्रात पोळातला किंवा सोसायटीतला टाळ्यांचा गरबा महिन्यानंतर करायला हरकत नसते. मोठ्या मैदानात हजारो पाय माती उडवतात, तिथे जाऊ नका. दांडिया-रास तर सरळ पुढच्या वर्षी. काठी समोरच्याच्या हातात असते, ती आपल्या ताब्यात नसते.

पावागडला देवीला जायचं असेल तर वर उडनखटोल्याने, म्हणजे रोपवेने, जा. त्यापुढेही पायऱ्या उरतातच, आणि चढण्यापेक्षा उतरताना भीती जास्त. कठडा धरून, गर्दीचा दिवस सोडून.

राहिलं उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला बडोदं गच्चीवर असतं आणि कुणाला 'खाली बस' सांगणं अवघड. पहिल्या महिन्यात असाल तर दिवसभर मान वर करून उन्हात बघणं, गर्दीत मागे सरकणं आणि काच लावलेला मांजा, तिन्ही टाळा. उंधियू आणि जिलबी खाली बसूनही मिळते. सण संपल्यावरही काही दिवस झाडांना, तारांना, कुंपणाला दोरे लटकत राहतात, आणि चालणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर ते दिसत नाहीत. त्या दिवसांत बागेत मधल्या मोकळ्या रस्त्याने चाला, चष्मा लावून. स्कूटरवर मागे बसणार असाल तर पुढे तारेचं कडं लावलेलीच स्कूटर, आणि हेल्मेटची काच खाली.

९. एक डोळा झालाय, दुसरा बाकी आहे

हा काळ डोळ्यापेक्षा पायांना धोक्याचा. एका डोळ्याला लख्ख दिसतं, दुसऱ्याला पिवळट धूसर, आणि जुन्या चष्म्याचा नंबर झालेल्या डोळ्याला लागत नाही. दोघांचं चित्र मेंदूत जुळत नाही, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो. पायरी एक इंच वर वाटते, फुटपाथची कड दिसतच नाही.

- चष्म्याच्या दुकानात जाऊन झालेल्या डोळ्याची काच काढून घ्या किंवा बिननंबरची बसवून घ्या. डॉक्टरांना विचारून करा, खर्च किरकोळ असतो.
- वाचायची काच खाली असलेल्या दुहेरी चष्म्याने जिना उतरू नका. खाली बघताना नजर त्या काचेतून जाते आणि पायरी धूसर होते. लांबचं दिसणारी लेन्स बसवली असेल तर चालताना बरेचजण चष्म्याशिवायच बरे असतात.
- पावसाळ्यात डबकी वाचवत उड्या मारू नका. डबक्याची खोली एरवीही कळत नाही.
- तपासणीला बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर आणि झगझगीत दिसतं. त्या दिवशी व्यायामाला सुट्टी, आणि स्कूटर दुसऱ्या कुणीतरी चालवायची.
- नवा नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. तोवर घाईने महागडा चष्मा करू नका.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की सगळी गणती पुन्हा पहिल्या दिवसापासून धरायची, पहिला डोळा कितीही उत्तम असला तरी. बाटला, बादली आणि सूर्यनमस्कार पुन्हा यादीत. पहिल्या वेळची यादी फाइलमधून काढा, डॉक्टरांपुढे ठेवा आणि नव्याने खुणा करून घ्या, कारण दुसऱ्या डोळ्याला वेगळी पद्धत लागली असेल तर खुणाही बदलतील.